झूल आणि गोधडीवरची नक्षी: रेघ उमटत नाही, उमटली तर निघत नाही

कार्बन ठेवून मोर उतरवला, कापून लावला, तुरपाई झाली, झूल धुतली. मोर छान बसला, पण त्याच्याभोवती निळी रेघ जशीच्या तशी. किंवा याच्या उलट. खडूने काढलेली कमळं निम्मी शिवून होईस्तोवर पार झडून गेली, आणि आता पाकळी कुठून वळवायची तेच कळत नाही. पोळा जवळ आला की आमच्याकडे या दोनच तक्रारी घरोघरी ऐकू येतात. "हे रेघ काही केल्या जाऊन नाही राहिली वं," नाहीतर "रेघ तं दिसूनच नाही राहिली." उन्हाळ्यात गोधड्या घालायला बसलं की पुन्हा त्याच.

यासाठी खास पेनं आणि कागद मिळतात, पण नागपूर-अमरावतीच्या मोठ्या दुकानांत. तालुक्याला फार तर पिवळा कार्बन आणि शिंप्याचा खडू. त्यामुळे बहुतेक जणी घरात असेल त्यावर काम भागवतात. साबणाची चिपटी, पोरांची पेन्सिल, रांगोळी, नीळ, लग्नपत्रिकेचा पुठ्ठा, जुनी एक्स-रे फिल्म. यातलं काहीच वाईट नाही. पोळ्याच्या झुली आणि साड्यांच्या गोधड्या यांच्यावरचं देखणं काम याच वस्तूंनी झालेलं मी पाहिलं आहे. बिघडतं ते वस्तू आणि कापड यांचा मेळ बसला नाही म्हणून, आणि त्याहून जास्त वेळा रेघ नको त्या जागी काढली म्हणून. या दुसऱ्या कारणाकडे फारसं कोणी पाहत नाही, म्हणून तेच आधी.

रेघ झाकली जाणार की उघडी राहणार?

कापडावर कापडाचा तुकडा लावायचा असतो, म्हणजे ॲप्लिकचं काम असतं, तेव्हा रेघा दोन ठिकाणी लागतात. एक वरच्या तुकड्यावर, दुमड कुठे घालायची हे कळायला. दुसरी खालच्या कापडावर, तुकडा कुठे बसवायचा हे कळायला. तुकड्यावरची रेघ उलट्या बाजूने काढली तर ती दुमडीत जाते, कोणाला दिसत नाही. तिथे पेन्सिल चालते आणि साबणही चालतो. खरा घोटाळा होतो खालच्या कापडावर. तिथे आपण मोराची पूर्ण बाह्यरेषा काढतो, आणि तुरपाई करताना तुकडा केसभर जरी आत सरकला तरी रेघ बाहेर डोकावते.

उपाय सोपा आहे. खालच्या कापडावरची रेघ तुकड्याच्या कडेपासून २-३ मिलिमीटर आत काढा. नक्षीचा कागद तोच, फक्त उतरवताना हात आतल्या अंगाने फिरवा. पूर्ण रेघही लागत नाही. मोराची चोच, मानेचं वळण, पायाची जागा, पिसाऱ्याची दोन टोकं एवढ्या खुणा पुरतात. त्या सगळ्या मोराखाली झाकल्या जातात, मग कार्बन असो की पेन्सिल, निघाली नाही तरी बिघडत नाही. एवढं एक पाळलं तरी झुलीवरच्या निम्म्या तक्रारी उरत नाहीत.

गोधडीचं तसं नाही. धावदोरा हा रेघेवरून चालतो. टाके आणि टाक्यांमधली मोकळी जागा अशी ती रेघ अर्धी उघडीच राहते. गोधडीवर म्हणून निघणारीच रेघ हवी, किंवा रंग न लावता नुसती दाबून काढलेली. सुती कापडावर चमच्याच्या दांड्याने किंवा विणकामाच्या जाड सुईच्या बोथट टोकाने जोर देऊन रेघ ओढली की चकाकणारी दाब-रेघ उमटते. तीन-चार टाके घेऊन सुई बाहेर निघेपर्यंत ती टिकते. सरळ रेघा, चौकड्या, मोठी वळणं यांना ही सगळ्यात उत्तम रीत आहे असं माझं ठाम मत आहे, कारण धुवायला काही उरतच नाही. एकदम सगळी गोधडी आखू नका, वीतभर आखा आणि तेवढीच शिवा.

कार्बनची निळी-काळी रेघ निघत नाही

पावती पुस्तकातल्या कार्बनवर मेण आणि रंग यांचा थर असतो. वरून दाबलं की मेणासकट रंग कापडाला चिकटतो. काळ्या कार्बनमधला रंग म्हणजे काजळीच. ती पाण्यात विरघळत नाही, साबणाने फक्त सैल होते. त्यावर इस्त्री फिरली की मेण वितळून सुताच्या आत उतरतं आणि रंगालाही आत नेतं. "धुतल्यावरही निघत नाही" असं जिथे होतं तिथे बहुतेक वेळा दुमड बसावी म्हणून मधेच इस्त्री फिरवलेली असते. कार्बन लावलेल्या कापडाला धुवायच्या आधी इस्त्री लावूच नका. दुमड नखाने बसवा.

इस्त्री झाली नसेल तर रेघ बऱ्यापैकी निघते. कापड कोरडं असतानाच रेघेवर भांडी घासायच्या लिक्विडचे थेंब टाका. खाली जुनं पांढरं फडकं ठेवा, म्हणजे सुटलेला रंग त्यात उतरतो. जुन्या मऊ टूथब्रशने रेघेच्या दिशेनेच घासा. आडवं घासलं तर रेघेचा डाग होतो. दहा मिनिटं ठेवून मग पाणी घाला. आधी पाणी घातलं की लिक्विड पातळ होतं आणि मेणावर चालत नाही. खालचं फडकं दर वेळी फिरवत राहा, नाहीतर निघालेला रंग पुन्हा वर येतो.

इस्त्री झालीच असेल तर खाली-वर साधा कोरा, टिपून घेणारा कागद ठेवून इस्त्री फिरवली की मेण कागदात येतं. रंग मात्र पूर्ण निघेल याची आशा धरू नका. अशा रेघेवर जुळत्या रंगाचा साखळी टाका घालायचा, नाहीतर बारीक गोट लावायचा. झुलीला गोट लावला तर ते मुद्दाम केलेलंच वाटतं, आणि काठही मजबूत होतो.

पिवळा कार्बन त्यामानाने बरा, पण तोही मेणाचाच. तो वापरताना खाली कडक पाट किंवा फरशी असू द्या. गादीवर, सतरंजीवर ठेवून गिरवलं की कागद फाटतो आणि रेघ जाड येते. गिरवायला शाई संपलेलं बॉलपेन घ्या. शाईचं बॉलपेन कापडाला लागलं तर तो वेगळाच त्रास. ती शाई तेलकट असते, पाण्याने हलत नाही. हात धुवायच्या सॅनिटायझरने ती पसरत पसरत निघते, तेव्हाही खाली फडकं हवंच.

गडद कापडावर काहीच दिसत नाही

झुलीचं कापड बहुतेक लाल, हिरवं, जांभळं, काळं. त्यावर पेन्सिल दिसत नाही. अशा वेळी आंघोळीच्या साबणाची उरलेली चिपटी कामाला येते. ती दोन दिवस उन्हात कडक वाळवायची आणि सुरीने कड धारदार करायची. ओली चिपटी जाड आणि चिकट रेघ ओढते. साबण पांढरा आणि साधा हवा. मलईवाला, जास्त तेलाचा साबण घेतला तर सॅटिनवर तेलकट खूण राहते. कपड्याच्या निळ्या वडीतला रंग फिक्या कापडाला लागू शकतो. साबणाची रेघ घामाच्या हाताने आणि आषाढ-श्रावणाच्या दमट हवेत मऊ पडून पुसली जाते, तेव्हा एका बैठकीत शिवून होईल तेवढीच काढा.

मोठी आणि पुन्हापुन्हा लागणारी नक्षी असेल तर मात्र खाकाच करावा, म्हणजे नक्षीच्या रेघेवर भोकं टोचून वरून भुकटी थोपटायचा कागद. एकदा कष्ट होतात, पण तोच कागद वर्षानुवर्षं चालतो. शिवाय खाक्याचा आणखी एक फायदा आहे. झूल बैलाच्या दोन्ही कुशींवर पडते. दोन्ही बाजूंचे मोर शिंगांकडे तोंड करून हवे असतील तर एक सरळ आणि एक उलटा लागतो. खाक्याचा कागद पालथा घातला की उलटा मोर आपोआप मिळतो.

खाका असा करायचा. बटर पेपरवर पेन्सिलने नक्षी काढा. खाली चार घड्या घातलेली जाड चादर ठेवा. मध्यम सुईचं नाकं बाटलीच्या रबरी बुचात किंवा वाळलेल्या मक्याच्या बुरखुंडात खोवा, म्हणजे बोटं दुखत नाहीत. आता रेघेवर साधारण २ मिलिमीटरला एक भोक, सुई अगदी उभी धरून. सरळ रेघेवर भोकं थोडी लांब चालतात. पिसाऱ्याच्या डोळ्यांसारख्या छोट्या वळणांवर जवळजवळ हवीत. सुई तिरपी गेली तर भोक लांबट होतं आणि ठिपका सरकतो. सगळी नक्षी टोचून झाली की कागद पालथा करून त्यावर बोट फिरवा. खरखर लागते. सुई बाहेर पडताना कागदाची बारीक कड प्रत्येक भोकाभोवती उचलली गेलेली असते. ती तशीच ठेवली की भोक पुन्हा मिटतं. "खाका केला पण ठिपकेच उमटत नाहीत" याचं कारण जवळजवळ नेहमी हेच असतं. बारीक पॉलिश पेपरने ती कड हलकेच घासून काढा आणि कागद उजेडाकडे धरा. प्रत्येक भोकातून उजेड आला पाहिजे.

भुकटीसाठी गडद कापडाला पांढरी रांगोळी, खडूची पूड किंवा अंगाला लावायची पावडर. रांगोळीचा कण जाड असतो, म्हणून ती वस्त्रगाळ करून घ्या. गोवरीची चाळलेली राखही काळ्या-लाल सुती कापडावर छान दिसते आणि झटकली की जाते. रेशमावर, लोकरीवर मात्र राख नको, ती क्षारी असते. भुकटी मऊ सुती फडक्यात बांधून पुरचुंडी करा. कागद चारही बाजूंनी टाचण्यांनी पक्का बसवा, आधी पुरचुंडी थोपटा, मग हलक्या हाताने गोल फिरवा. कागद उचलताना एका कोपऱ्यातून सरळ वर उचला. ओढला की सगळे ठिपके एकमेकांत मिसळतात.

कोरडे ठिपके पंख्याच्या वाऱ्यानेही उडतात. कागद उचलल्या उचलल्या साबणाच्या चिपटीने किंवा पांढऱ्या रंगपेन्सिलीने ते जोडून घ्या. जरीकाम-भरतकामासाठी छपाई करणारे कारागीर झिंकची पांढरी पूड, किंवा फिक्या कापडासाठी नीळ, रॉकेलमध्ये कालवून बोळ्याने खाक्यावर फिरवतात. रॉकेल उडून जातं आणि पूड कापडाला धरून राहते. ही रीत पक्की आहे, पण रॉकेल आता सहज मिळत नाही. मिळालंच तर चुलीपासून लांब, उघड्या हवेत काम करा, आणि वास पूर्ण जाईपर्यंत त्या कापडाला इस्त्री लावू नका.

फिक्या कापडावर कोळशाची पूड कोणी सुचवली तर ऐकू नका, तीही काजळीचीच बहीण. हळदही नको. तिला साबण लागला की लाल होते. उन्हात ठेवून ती उडते, पण त्याला वेळ लागतो आणि तोवर कापडाचा रंगही विटतो. कुंकू, गुलाल, गेरू यांना तर हातच लावू नका. पुडीतली जुन्या पद्धतीची नीळ मात्र चांगली. ती धुण्यात निघते, आणि एखादा ठिपका राहिलाच तर लिंबाच्या रसाने तो फिका पडून जातो, कारण आंबटात तो निळा रंग टिकत नाही. बाटलीतली पातळ नीळ वेगळी. तो विरघळलेला रंग असतो, नक्षी काढायला अजिबात वापरू नका.

साडीवर पेन्सिल चालत नाही, कापड खालून सरकतं

आजीच्या गोधडीत सुती लुगडी असायची. आता गोधडीला ज्या साड्या निघतात त्या बहुतेक पॉलिस्टरच्या. कोणती साडी कशाची आहे ते कळत नसेल तर काठातून एक धागा काढून चिमट्यात धरून पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख होते. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं आणि टोकाला कडक मणी होतो.

पॉलिस्टरच्या गुळगुळीत धाग्यावर खडूला धरायला जागाच नसते. पेन्सिल घसरते, दाबली की कापड पेन्सिलीसोबत चालतं. चैत्र-वैशाखात तर कोरड्या हवेत साडी अंगाला आणि हाताला चिकटते, खडू झडतो. दाब-रेघही पॉलिस्टरवर टिकत नाही, लगेच उसळते.

यावर घरगुती औषध म्हणजे खळ. अर्धा लिटर पाण्याला एक मोठा चमचा आरारोट किंवा साबुदाण्याचं पीठ घ्या. आधी थोड्या गार पाण्यात कालवा, मग उरलेल्या उकळत्या पाण्यात ओतून पारदर्शक होईपर्यंत ढवळा. गार झाल्यावर कापड बुडवून, पिळून, ताणून वाळत घाला. किंचित ओलसर असतानाच मंद इस्त्री करा. इस्त्री गरम झाली तर पॉलिस्टर आकसतं, म्हणून वर सुती रुमाल ठेवा. आता त्याच साडीवर पेन्सिल कागदावर चालावी तशी चालते, कापड जागचं हलत नाही, कापायला सोपं जातं, आणि दुमडही राहते. पेन्सिलची रेघ कापडाच्या धाग्यावर कमी आणि खळीच्या थरावर जास्त बसते. त्यामुळे पहिल्याच धुण्यात खळ निघते तशी रेघही तिच्यासोबत निघते. मला तर साड्यांच्या गोधडीसाठी याहून चांगली रीत माहीत नाही. पेन्सिल एचबी घ्या. टू-बी काळी आणि मऊ असते, हाताने पसरते.

खळीचं एकच पथ्य. खळ घातलेलं कापड पेटीत पावसाळाभर ठेवू नका. कसर लागते, झुरळं येतात, आणि दमट हवेत बुरशी धरते. उतरवून, शिवून, धुऊनच ठेवा.

सेवाग्राम-वर्ध्याकडची हातमागाची खादी वापरत असाल तर अडचण उलट असते. तिथे रेघ छान धरते, पण धाग्याच्या गाठींवर पेन्सिल उड्या मारते आणि वळण दातेरी येतं. तिथेही हलकी खळ उपयोगी पडते.

जाड झूल आणि मखमल

काचेवर ठेवून, खालून मोबाईलची टॉर्च लावून नक्षी उतरवायची युक्ती पातळ फिक्या कापडाला उत्तम. दोन विटांवर काच ठेवायची, काचेच्या कडांना चिकटपट्टी लावायची, झालं टेबल. वीज नसली तरी खिडकीच्या काचेवर सकाळच्या उजेडात जमतं. पण जाड किंवा दुहेरी झुलीतून उजेड येत नाही.

तिथे फाटकी मच्छरदाणी काढा. तिचा हातभर तुकडा नक्षीवर ताणून बसवा आणि पक्क्या शाईच्या मार्करने जाळीवर नक्षी काढा. मार्कर पूर्ण वाळू द्या. मग ती जाळी झुलीवर टाचून त्याच रेघेवरून साबण, खडू किंवा धुण्यात जाणारं पेन फिरवा. जाळीच्या छिद्रांतून ठिपके-ठिपके उमटतात, जाळी काढून ते जोडा. जाळीवरून झुलीचे जोड आणि काठ दिसत राहतात, त्यामुळे नक्षी बरोबर मधोमध बसवता येते. मार्कर ओला असताना जाळी ठेवली तर शाई खाली उतरेल आणि ती कशानेच जाणार नाही.

मखमलीवर वरून कुठलीच रेघ नीट राहत नाही, केस आडवे होऊन ती गायब होते. मखमलीला दोऱ्याने खूण करा. पतंगाचा पांढरा ताव घ्या, संक्रांतीत आणलेले उरलेले असतातच. रंगीत ताव ओला झाला की रंग सोडतो. त्यावर नक्षी काढून मखमलीवर टाचा आणि रेघेवरून उठून दिसणाऱ्या दोऱ्याने लांब-लांब धावदोरा घाला. मग कागद ओलसर न करता हळूच फाडून काढा. काम झालं की दोरा ओढून घ्यायचा. वेळ लागतो, पण मखमल महाग आहे आणि तिच्यावर डाग पडला तर काहीच उपाय नाही. वर्तमानपत्र यासाठी नको, त्याची शाई हाताला आणि कापडाला लागते.

अक्षरं उलटी आली

"शुभ पोळा", "जय किसान", बैलाचं नाव, घरधन्याचं नाव. झुलीवर अक्षरं असतातच, आणि दर वर्षी कोणाच्या तरी घरी ती आरशातली निघतात. ज्या रीतीत कागदाचा नक्षीचा भाग कापडाकडे तोंड करून पडतो, त्या सगळ्या रीतींत नक्षी उलटी होते. कागदाच्या मागे पेन्सिल घासून उतरवलं, कार्बन ठेवला, जाळी वापरली, उजेडावर ठेवून काढलं, खाका सरळ ठेवला, तर अक्षरं सरळच येतात.

उलटं होण्याची दोन ठिकाणं आहेत. एक म्हणजे ताज्या झेरॉक्सची काळी बाजू सुती कापडावर ठेवून मागून गरम इस्त्री दाबायची रीत. झेरॉक्सची काळी पूड उष्णतेने वितळून कापडाला चिकटते, नक्षी स्पष्ट येते. पण ती उलटी येते आणि जवळजवळ कायमची येते. झाकल्या जाणाऱ्या जागीच ती वापरा. अक्षरांसाठी आधी मूळ कागद पालथा करून खिडकीवर गिरवा आणि त्या उलट्या अक्षरांची झेरॉक्स काढा.

दुसरं ठिकाण म्हणजे तुकड्याच्या उलट्या बाजूवर साचा ठेवून आखणं. लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याचा साचा कापडाच्या सुलट्या बाजूवर ठेवून आखला तर सरळ, उलट्या बाजूवर आखला तर उलटा. साच्याच्या एका बाजूला आजच मोठ्या अक्षरात "वर" असं लिहून ठेवा. एक्स-रे फिल्मचा साचा पारदर्शक असल्याने कापडाची वीण आणि छापील फुलं दिसतात, बरोबर जागा धरता येते, पण तिला इस्त्री लावू नका, ती वेडीवाकडी होते. इस्त्रीने चिकटणारा साचा हवा असेल तर झेरॉक्सच्या दुकानातून कागदाच्या रीमचं वेष्टन मागून आणा. त्याची आतली गुळगुळीत बाजू सुती कापडावर ठेवून कोरडी मध्यम इस्त्री दाबली की बऱ्याच वेष्टनांचा कागद कापडाला हलका चिकटतो आणि नंतर न फाटता निघतो. सगळ्याच वेष्टनांना तसा थर नसतो, आधी एका चिंधीवर पाहा.

गोल तुकड्यासाठी मात्र कागदाची गरज नाही. बांगडी किंवा वाटी ठेवून गोल आखा, बाहेर पाव इंच कापड ठेवून कापा, कडेने बारीक धावदोरा घाला, आत पुठ्ठ्याची चकती ठेवून दोरा ओढा. कड आपोआप दुमडते.

पेनाच्या रेघा: गेलेली रेघ परत आली, किंवा तपकिरी झाली

शाळेच्या दुकानात घासलं की पुसली जाणारी पेनं मिळतात. त्यांची शाई साधारण ६० अंशांच्या आसपास उष्णता लागली की दिसेनाशी होते, म्हणून इस्त्री फिरवताच रेघ जाते आणि सगळ्यांना आनंद होतो. पण शाई कापडातच असते. फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यासारख्या थंडीत ती परत दिसू लागते. आपल्याकडच्या हिवाळ्यात तेवढी थंडी पडत नाही, म्हणून फारसं बिघडत नाही. काही गडद कापडांवर या शाईचा फिका पट्टाही राहतो, तो जात नाही. उलट वैशाखाच्या उन्हात तापलेल्या टिनाच्या छपरावर काम वाळत टाकलं तर शिवायच्या आधीच रेघ उडू शकते.

पाण्याने जाणाऱ्या निळ्या पेनाचं तर नीट समजून घ्या. रेघ असताना इस्त्री लावली, किंवा सरळ साबणाच्या पाण्यात टाकली, तर ती तपकिरी होऊन कायमची बसते. आधी नुसत्या थंड पाण्यात पूर्ण बुडवा, हलवा, पाणी बदला. नुसतं वरून पाणी शिंपडलं तर रेघ आतल्या थरात उतरते आणि गोधडी वाळताना पुन्हा वर येते.

धुतलं तरी करडा पट्टा राहतो

इथे दोष रेघेचा नसतो, पाण्याचा असतो. अकोला, अमरावती, बुलडाण्यात पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात विहिरीच्या पाण्याला फेस येत नाही. इतर ठिकाणीही बोअरचं पाणी जड असतं. जड पाण्यात साबणाचा चिकट साका तयार होतो, तो पेन्सिलीची पूड आणि खडू धरून कापडावर बसतो. पावसाळ्यात पागोळ्यांचं पाणी धरून ठेवा, पहिल्या पावसाचं सोडून. तेही नसेल तर वडीऐवजी डिटर्जंट पावडर वापरा, जड पाण्यात ती वडीपेक्षा चांगली चालते, आणि शेवटचा हात तरी मऊ पाण्याने फिरवा.

नक्षी शिवता शिवता वाकडी होते

आपली गोधडी काठापासून आत, बोटभर अंतराच्या धावदोऱ्याने घालतात. आधीची ओळच पुढच्या ओळीला मार्ग दाखवते, आखणीची गरज पडत नाही. पण मध्ये कमळ किंवा सूर्य हवा असेल आणि काठापासूनच सुरुवात केली, तर प्रत्येक ओळ थोडं थोडं कापड आत ढकलत आणते, आणि शेवटी सगळं ढिलं कापड नेमकं कमळावर जमतं. वर फुगा येतो आणि आखलेला गोल अंड्यासारखा होतो.

अशा गोधडीला आधी सगळे थर अंथरून हातभर अंतरावर कच्चे टाके घाला. मधली नक्षी त्यानंतरच उतरवा. थर लावायच्या आधी सुट्या साडीवर काढलेली नक्षी थर ताणताना हमखास हलते. नक्षी आधी शिवा, तिच्याभोवती दोन-तीन ओळी घाला, आणि मग मधून काठाकडे या. काठाशी उरलेलं कापड किनारीच्या पट्टीत सामावून जातं. फुगा आलाच असेल तर काठापासून नक्षीकडे येणाऱ्या शेवटच्या चार-पाच ओळी उसवा, हाताने कापड बाहेरच्या बाजूला सारा, पुन्हा कच्चा टाका घाला, आणि त्या ओळी नक्षीच्या बाजूने सुरू करून बाहेर न्या.